घरी मी मागे लागते आणि मिटिंगमध्ये गप्प बसते, मग माझ्यात नक्की काय चुकतंय?

तुमचा प्रश्न मला कसा समजलाय ते आधी सांगतो, कुठे चुकत असेल तर सांगा. घरी कुठलाही जरा महत्त्वाचा विषय काढला, पैशाचा किंवा मुलांच्या फीचा, की नवरा "बघू" म्हणून फोनमध्ये डोकं घालतो, तुम्ही परत विचारता, मग आवाज चढतो, मग तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. मग तुम्ही नणंदेला फोन करून सांगता की जरा तुमच्या भावाला समजवा. आणि ऑफिसात बरोब्बर उलटं, मिटिंगमध्ये तुम्हाला चूक दिसत असते पण तोंड उघडत नाही, आणि नंतर तोच मुद्दा दुसरं कुणीतरी मांडून मोकळं होतं. शेवटी विचारलंय की माझं कम्युनिकेशनच वीक आहे का, एखादा कोर्स लावू का, आणि नवरा समुपदेशकाकडे यायला तयार नाही तर एकटीने जाण्यात काही अर्थ आहे का.

मी जोडप्यांसोबत काम करतो आणि टीम्ससोबतही, त्यामुळे या दोन तक्रारी मला नेहमी वेगवेगळ्या लोकांकडून ऐकू येतात. तुमच्याकडे त्या एकाच माणसात आहेत, आणि माझ्या मते हाच मोठा पुरावा आहे की गडबड तुमच्या स्वभावात नाही. स्वभाव किंवा स्किलचा प्रश्न असता तर दोन्हीकडे सारखंच झालं असतं ना. एकीकडे तुम्ही जास्त बोलता, दुसरीकडे कमी, म्हणजे समोर कोण आहे आणि तो काय करतो यावर तुमचं वागणं ठरतंय. नवऱ्याचंही तसंच तपासून बघा, तो त्याच्या मित्रांमध्ये किंवा स्वतःच्या कामावर असाच मुका असतो का? बहुतेक नसेल. तर "मी अशी" आणि "तो तसा" हे जरा बाजूला ठेवून दोघांच्या मध्ये काय घडतं ते बघू.

ते बघायची माझी पद्धत अगदी साधी आहे. मागचं भांडण कागदावर लिहायचं, नाटकाच्या संवादांसारखं, आणि त्यात फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच ठेवायचं. "त्याने दुर्लक्ष केलं" हे कॅमेऱ्याला दिसत नाही, "तो फोनकडे बघत राहिला" हे दिसतं. "मुद्दाम", "नेहमी", "एकदाही नाही" असे शब्द खोडून टाकायचे. लोकांना हे सोपं वाटतं पण पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांचा कागद विशेषणांनी भरलेला असतो, म्हणून सांगतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाजाने मी असं काहीतरी मांडेन:

तुम्ही: "फी कधी भरायची?" तो: "बघू." तुम्ही: "बघू म्हणजे कधी?" तो काही बोलत नाही. तुम्ही: "तुला कशाचंच काही पडलेलं नसतं." तो: "झालं सुरू." आणि उठून जातो.

आता यात पहिले दोन प्रश्न अगदी सरळ आहेत, त्यात काही वावगं नाही. वळण येतं ते तुमच्या तिसऱ्या वाक्याला, तिथे विषय फीवरून उठून त्याच्या माणूसपणावर गेला. पण त्याच्या बाजूलाही तितकंच मोठं वळण आहे, ते म्हणजे तारखेशिवायचं "बघू". "रविवारी बघू" म्हणाला असता तर तुमचा दुसरा प्रश्न आलाच नसता. म्हणजे बघा, साखळी तोडायच्या जागा दोन आहेत आणि त्यातली एक तुमच्या हातात आहे.

आणि एक गंमत, हाच प्रसंग त्याला लिहायला सांगितला तर तो "बघू"पासून सुरू करणारच नाही. तो सुरू करेल "मी दमून बसलो होतो आणि ही मागे लागली" इथून. तुमच्या कागदावर तो गप्प बसतो म्हणून तुम्ही बोलता, त्याच्या कागदावर तुम्ही बोलता म्हणून तो गप्प बसतो. दोघंही खरंच सांगताय, फक्त गोष्ट कुठून सुरू करायची ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलंय. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हे फार नेमकं मांडलं होतं, आणि त्यांचं उदाहरणही असंच होतं, बायको टोमणे मारते आणि नवरा माघार घेतो. इतकी वर्षं झाली तरी जोडपी माझ्यासमोर बसून "पण सुरुवात कोणी केली" यावरच अर्धा वेळ घालवतात. त्या प्रश्नाला उत्तर नसतं, सोडून द्या. त्याऐवजी "माझ्या कुठल्या वाक्यानंतर पुढचं ठरल्यासारखं घडतं" हे शोधा.

या मागे लागणं आणि माघार घेणं प्रकारावर अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांचा १९९० चा एक अभ्यास आहे, तो मी बऱ्याच जोडप्यांना सांगतो कारण त्याने बायकांच्या डोक्यावरचं "मीच कटकटी" हे ओझं जरा उतरतं. त्यांनी जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला लावलं, एक जिथे बायकोला बदल हवाय आणि एक जिथे नवऱ्याला हवाय. बायकोच्या विषयावर बायको मागे लागते, नवरा मागे सरकतो, हे ठळक दिसलं. नवऱ्याच्या विषयावर मात्र दोघांमधला तो फरक उरला नाही. म्हणजे स्त्री-पुरुष हा मुद्दा थोडाफार असेलही, पण ज्याला बदल हवाय तो मागे लागतो आणि ज्याचं आहे तसं बरं चाललंय तो टाळतो, हा भाग मोठा. तुमच्या घरी तपासायचं असेल तर असा विषय आठवा जिथे त्याला काहीतरी हवंय आणि तुम्ही "बघू" म्हणताय. असेल एखादा.

यातून एक गोष्ट निघते जी कम्युनिकेशनवाले फारसं सांगत नाहीत. काही भांडणं बोलण्याची नसतातच, कामाच्या वाटणीची असतात. फी लक्षात ठेवणं, शाळेचे मेसेज वाचणं, कुठल्या तारखेला काय भरायचंय हे सगळं तुमच्याच डोक्यात असेल तर विचारणार तुम्हीच, आणि कितीही गोड विचारलंत तरी दहाव्यांदा विचारणं हे दहाव्यांदाच असतं. अशा वेळी शब्द सुधारण्यापेक्षा अख्खा विषय सोपवून टाकणं बरं. फी त्याची म्हणजे तारीख लक्षात ठेवण्यापासून पावती जपण्यापर्यंत सगळं त्याचं, आणि तुम्ही आठवण करायची नाही, अगदी उशीर होऊन दंड बसला तरी. हे अवघड जातं हे मला माहितीये, पहिल्या महिन्यात हात शिवशिवतात. पण सोपवलं आणि वर रोज विचारलं तर ते सोपवलेलं नसतं.

आता तो गप्प का होतो. इथे मात्र परिस्थितीवर खूप अवलंबून आहे, मी तुमच्या नवऱ्याला बघितलेलं नाही. काहीजण गप्प होतात कारण आत प्रचंड धडधड चालू असते आणि तोंड उघडलं तर काहीतरी भयंकर निघेल अशी भीती असते. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना यंत्रं लावून बोलायला बसवलं आणि भांडताना नाडीचे ठोके वगैरे मोजले. गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की माणूस नीट ऐकूच शकत नाही. त्यांनी एकदा यंत्रात बिघाड झालाय असं सांगून जोडप्यांना अर्धा तास नुसती मासिकं चाळायला लावली, आणि परत बोलायला बसल्यावर तीच माणसं बऱ्यापैकी शांत बोलली. बाहेरून दगडासारखा दिसणारा माणूस आतून असा उकळत असू शकतो. काहीजण मात्र शिक्षा म्हणून अबोला धरतात, तीन-तीन दिवस, आणि समोरच्याने माफी मागेपर्यंत सोडत नाहीत. दिसायला दोन्ही सारखंच. फरक कसा ओळखायचा? पहिला माणूस तासाभराने नॉर्मल होतो, इकडचं तिकडचं बोलतो, फक्त तो विषय टाळतो. दुसरा विषयावर नाही, तुमच्यावरच बहिष्कार टाकतो. तुमच्या लिहिण्यात "रात्री जेवताना तो काही झालंच नाही असं वागतो आणि मला अजून राग येतो" असं आहे, त्यावरून मला पहिला प्रकार वाटतो.

तो असेल तर ब्रेक घ्यायचा, पण ब्रेकची अट एकच आणि तीच सगळे विसरतात. उठून जाताना परत यायची वेळ सांगायची, आणि जो उठला त्यानेच नंतर विषय परत काढायचा. "मला आत्ता जमत नाहीये, नऊ वाजता बोलू" आणि नऊ वाजता तोच येऊन बसला पाहिजे. ही दुसरी अर्धी बाजू नसेल तर ब्रेक म्हणजे नुसती पळवाट, आणि तुम्ही मागे लागणार हे ठरलेलं. मधल्या वेळात खोलीत बसून "ती असं म्हणाली तर मी असं म्हणेन" अशी उजळणी करत राहिलं तर ठोके खाली येत नाहीत, तेव्हा खरंच दुसरं काहीतरी करायचं. आणि हा नियम भांडणात नाही ठरवायचा, एखाद्या बऱ्या दिवशी ठरवायचा.

तुमच्या बाजूने पहिलं वाक्य बदला. तक्रार करा, जरूर करा, तक्रार गिळून बसणाऱ्यांचं पुढे जास्त बिघडतं असं माझं मत आहे. फक्त तक्रार घटनेबद्दल हवी आणि शेवटी मागणी हवी, अशी मागणी की ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल. "तुला कशाचंच पडलेलं नाही" याला तो काय उत्तर देणार, "पडलंय" म्हणणार? "फीची तारीख दहा आहे, मला टेन्शन येतंय, तू शनिवारपर्यंत भरशील का?" याला उत्तर देता येतं. नाही म्हणाला तरी ते उत्तर आहे, त्यावर पुढे बोलता येतं. आणि तो हो म्हणाला की तिथे थांबायचं!! बऱ्याचजणी इथे "मग मागच्या वेळी का नाही भरलीस" हे जोडतात आणि कमावलेलं घालवतात.

एक अपेक्षा मात्र आधीच खाली आणतो. गॉटमन यांच्याच पाहणीत जोडप्यांच्या वादाचे साधारण ६९ टक्के विषय कायमचे निघाले, म्हणजे वर्षांनंतरही तेच. एकाला खर्च आवडतो एकाला शिल्लक, एकाला वेळेआधी पोचायचं असतं एकाला वेळेवर. ते सुटत नाहीत, फक्त त्यावर विखारी न होता बोलता यायला लागतं, आणि माझ्या अनुभवात तेवढंही खूप असतं. विखार म्हणजे काय ते ओळखायचं असेल तर तुच्छता बघा, डोळे फिरवणं, नक्कल करणं, "तुझ्याकडून अजून काय अपेक्षा करणार". राग चालतो, ओरडणंही एखाद्या वेळी चालून जातं, पण हे नाही. हे दोघांपैकी कुणाकडूनही सारखं दिसायला लागलं तर घरगुती उपायांवर थांबू नका.

नणंदेचं. हे तुम्ही एका ओळीत उरकलंय पण मला ते महत्त्वाचं वाटतं. दोघांमधला ताण तिसऱ्याकडे वळवला की दोघांना तात्पुरतं हलकं वाटतं, कुटुंबांवर काम करणारे मरी बोवेन याला त्रिकोण म्हणायचे. तोटा असा की तुमचं म्हणणं त्याच्याकडे बहिणीच्या तोंडून, तिच्या शब्दांत आणि तिच्या काळजीसकट पोचतं, आणि त्याला फी ऐकू येत नाही, "हिने घरातलं बाहेर सांगितलं" एवढंच ऐकू येतं. मन मोकळं करायला कुणीतरी हवंच, तेवढ्यापुरतं नणंदेशी बोला की, फक्त निरोप देऊ नका. त्यांनाही सांगून टाका की ताई, तुम्ही त्याला काही बोलू नका, मला फक्त सांगायचं होतं.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं खरं तर. वर जे सगळं लिहिलं ते दोघांनाही एकमेकांची भीती नसेल तरच लागू. तो वस्तू फेकतो, हात उचलतो, पैसे अडवून धरतो, फोन तपासतो, तुम्ही बोलायच्या आधी त्याचा मूड बघून शब्द गिळता, असं काही असेल तर हा कम्युनिकेशन पॅटर्नचा प्रश्नच नाही. तिथे "माझं कुठलं वाक्य चुकलं" असं शोधणं अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असेल तर त्यांनी आधी स्वतःच्या सुरक्षिततेचं बघावं, शब्दरचना नंतर.

आता ऑफिस. इथे तुम्ही माघार घेणाऱ्या बाजूला आहात, म्हणजे नवऱ्याच्या जागेवर, हे लक्षात आलं का? तुम्हाला मिटिंगमध्ये जे होतं, शब्द सापडेपर्यंत वेळ निघून जाणं, ते त्याला घरी होत असू शकतं.

यामागे एक साधं यांत्रिक कारण पण आहे. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० भाषांमधली बोलणी तपासली, तर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ जातो असं दिसलं. म्हणजे लोक समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं तयार करून ठेवतात. तुम्ही आधी पूर्ण वाक्य मनात रचून, तपासून, मग बोलू म्हणाल तर तुमची पाळी येणारच नाही, हुशारीचा काही संबंध नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की आधी जागा पकडा, वाक्य नंतर. "मला एक गोष्ट खटकतेय" एवढं म्हणा, लोक वळतील, मग दोन सेकंद विचार करा. विचार करताना कुणी हुसकावत नाही, जागा घेतलेली असते. आणि पहिल्या पाच मिनिटांत काहीही, अगदी एखादा बारीक प्रश्न विचारून टाका, जितका वेळ गप्प राहाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं.

दुसरं, एक सोबती गाठा. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले रेषांचे प्रयोग प्रसिद्धच आहेत, कुठल्या रेषेची लांबी दाखवलेल्या रेषेइतकी आहे ते गटात सांगायचं, सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि मधला एकटा माणूस डोळ्यांनी दिसत असूनही बऱ्याचदा त्यांच्यात सामील होतो. पण गटात एकच जण जरी बरोबर उत्तर देणारा असला तरी त्या माणसाचं बहुमताबरोबर वाहत जाणं साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. एकच जण पुरतो. मिटिंगच्या आधी एका सहकाऱ्याला "मला या तारखांची शंका आहे, तुला काय वाटतं" असं विचारून ठेवा, हा कट नाहीये, तयारी आहे.

तरीही सगळं तुमच्यावरच टाकणं बरोबर नाही, कारण बरंचसं मिटिंग कशी चालवली जाते यावर असतं. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट चर्चा करतो ती मुख्यतः सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची, एकाच माणसाकडे असलेली माहिती टेबलावर येतच नाही आणि निर्णय चुकतो. तुमची न बोललेली शंका बहुतेक त्यातलीच. म्हणून मी टीमसोबत असलो की साहेबांना सांगतो की तुम्ही तुमचं मत शेवटी सांगा, आधी प्रत्येकाला दोन मिनिटं कागदावर लिहू द्या, मग ज्युनियरपासून सुरू करून एकेकाचं वाचून घ्या. आणि "कुणाला काही शंका?" असं विचारूच नका, त्यावर खोली नेहमी शांत असते आणि मौन म्हणजे संमती धरून सगळे उठतात. "यात काय फसू शकतं, प्रत्येकाने एक सांगा" असं विचारलं की शंका काढणं हेच काम होऊन जातं, धाडस राहत नाही. तुम्ही साहेब नसलात तरी ही सूचना मिटिंगबाहेर एकट्यात करू शकता. अर्थात साहेब असे असतील की विरोध केलेल्यांची नंतर वाट लागते, तर मग गप्प बसणं हा शहाणपणाच म्हणायचा, तिथे मी तुम्हाला उगाच बोला बोला म्हणणार नाही. मुद्दा ईमेलमध्ये लिहून ठेवा, बास.

कोर्सचं म्हणाल तर मी आत्ता पैसे घालू नका म्हणेन. विशेषतः कुणी "बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली" असं सांगून सुरुवात केली तर उठून या. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून ते आकडे उचललेत, आणि ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यावरून समोरच्याला आपण आवडतो की नाही हे कसं ओळखतात एवढ्यापुरते होते. फीच्या तारखेत शब्दांचा वाटा चांगलाच असतो.

राहिलं एकटीने समुपदेशकाकडे जाणं. अर्थ आहे, पण कसं जाता यावर आहे. दर वेळी जाऊन नवऱ्याबद्दल सांगून हलकं होऊन आलात तर समुपदेशक ही दुसरी नणंद होईल. पहिल्याच भेटीत सांगा की मला त्याचं विश्लेषण नकोय, माझ्या बाजूच्या दोन-तीन जागा शोधायच्यात जिथे मी वेगळं करू शकते, आणि तो लिहिलेला कागद सोबत न्या. आणि घरी त्याला "मी तुझ्यामुळे जातेय" असं नका सांगू, "मला माझं ओरडणं कमी करायचंय म्हणून जातेय" असं सांगा, ते खरंही आहे. काहीजण हे ऐकून दोन-तीन भेटींनंतर स्वतःहून विचारतात की मी पण येऊ का, काहीजण कधीच येत नाहीत. तुम्ही बदललात तर सुरुवातीला तो जास्तच गप्प होईल किंवा "आता काय नवीन नाटक" म्हणेल, जुनी साखळी तुटली की समोरच्याला अवघडतंच. साधारण दोन महिने एकच बदल धरून बघा, सगळे एकदम नाही. ब्रेकचा नियम आणि ते पहिलं वाक्य यातलं जे तुम्हाला सोपं वाटतं ते आधी घ्या, आणि महिन्याभराने काय झालं ते इथेच लिहा, कागदावरचे संवाद लिहिलेत तर अजून बरं, मग नेमकं सांगता येईल.